काचबिंदूचे थेंब, मंदावलेली नाडी आणि पहाटेचा खोकला

तुम्ही बरंच काही एका दमात विचारलंय, म्हणून आधी मला जे समजलं ते मांडतो. वडील ६८ वर्षांचे. आयुष्य इचलकरंजीत यंत्रमागावर गेलं, पंचवीस-तीस वर्षं विडी ओढली, आता सोडली आहे. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून मेटोप्रोलॉलची गोळी चालू. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांचं प्रेशर एकीकडे २८ आणि एकीकडे २६ निघालं, ‘काचबिंदूची सुरुवात आहे’ असं सांगून टिमोलॉल ०.५ टक्क्याचे थेंब दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ दिले. प्रेशर आता १८-१९ वर आलंय. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत जिना चढताना धाप लागते, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, पहाटे खोकला येतो आणि घरच्या बीपी मशीनवर नाडी ४८ ते ५२ दाखवते. फॅमिली डॉक्टर म्हणाले की डोळ्यातल्या एका थेंबाने असं होत नसतं, वय झालं. आता थेंब बंद करावेत का, त्यांच्याऐवजी दुसरं काय आहे, आणि तुम्ही स्वतः डोळे तपासून घ्यावेत का, असे तुमचे प्रश्न आहेत.

थेंबांमुळे असं होऊ शकतं. तुम्ही वर्णन केलेल्या माणसात तर चांगलंच होऊ शकतं. तरी सगळा दोष थेंबांचाच आहे असं मी इथे बसून सांगणार नाही. धाप आणि मंद नाडी हृदयाच्या स्वतःच्या दुखण्याचीही असते, धाप तर विडीने आणि सुताच्या धुळीने खराब झालेल्या फुप्फुसांचीही असते. अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना रामिप्रिलसारखी गोळी देतात, तिने कोरडा खोकला येतो, तोही पुष्कळदा असाच रात्री-पहाटे त्रास देतो. वडिलांच्या चिठ्ठीत ती आहे का, ते बघा. म्हणजे संशयित चार आहेत. पण त्यातला थेंब हा सगळ्यांत सहज बदलता येण्यासारखा आहे, म्हणून चौकशी तिथून सुरू करायची.

आज काय करायचं ते आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. मशीनवर विसंबू नका, ठोके अनियमित असतील तर मशीन चुकतं. वडिलांना पाच मिनिटं शांत बसवा, मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ती पन्नासच्या खाली असेल आणि जोडीला चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घेरी असं काही असेल, किंवा बसल्या जागी धाप, छातीत घरघर, पायांवर सूज, छातीत दुखणं यांतलं काहीही असेल, तर आजच दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढून घ्या. थेंबांची बाटली सोबत न्या, तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या. त्रास असा असेल तर पुढचा थेंब घालू नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. यातलं काही नसेल तरी दोन-तीन दिवसांत त्यांना भेटाच. पुढच्या तारखेची वाट बघायची ही गोष्ट नाही.

आणि एक गोष्ट मात्र करू नका. मेटोप्रोलॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. घरात नेमकं हेच होतं. ‘नाडी कमी झालीय, म्हणजे बीपीची गोळी जास्त होतेय’ असं म्हणून गोळी थांबवतात आणि थेंब चालू ठेवतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या माणसाची ही गोळी एकदम तोडली तर हृदय उलट जोरात धावायला लागतं, छातीत दुखणं वाढतं, झटकाही येऊ शकतो. ती कमी करायची की नाही, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, आणि तेही सहसा हळूहळू कमी करतात.

थेंब एक-दोन दिवस थांबवले तर डोळा जाईल का, ही भीती स्वाभाविक आहे. टिमोलॉलचा परिणाम शेवटच्या थेंबानंतर लगेच संपत नाही. तो हळूहळू ओसरतो, पूर्ण जायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या काचबिंदूत १८ चं प्रेशर काही दिवस २१-२२ झाल्याने होणारं नुकसान आणि श्वासनलिका आवळल्याने होणारं नुकसान यांची तुलनाच होत नाही. काचबिंदूत वाढलेल्या प्रेशरने डोळ्याची नस झिजते, पण ती झीज वर्षांच्या हिशोबात होते, दमा मिनिटांत जीवावर बेततो. अपवाद आहेत. नस आधीच खूप खराब झालेली असेल, एकच डोळा कामाचा उरला असेल, किंवा डोळा लाल होऊन दुखत असेल आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर दुसरं औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. म्हणून मी ‘थांबवा’ म्हणतो तेव्हा ‘थांबवा आणि फोन करा’ असंच म्हणतो. थेंब सोडून द्यायचे आणि सहा महिने तिकडे फिरकायचं नाही, असं करणारेही मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा दम बरा होतो आणि नजर जाते.

आता ‘एका थेंबाने काय होतंय’ याकडे वळतो. फॅमिली डॉक्टरांना नावं ठेवायची नाहीत, कारण हा समज आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांतही आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ, पारदर्शक द्रव सतत तयार होतो आणि सतत बाहेर जातो. नळ चालू आहे आणि मोरी उघडी आहे, असं समजा. मोरी तुंबली की प्रेशर वाढतं. काचबिंदूत बहुतेक वेळा बिघाड मोरीत असतो, पण टिमोलॉल मोरीला हात लावत नाही, नळ थोडा बंद करतं. द्रव तयार करणाऱ्या पेशींवर बीटा नावाचे ग्राही, म्हणजे शरीराचे निरोप घेणाऱ्या जागा, असतात, ते हे औषध अडवतं. त्याने प्रेशर साधारण वीस ते पंचवीस टक्के उतरतं. तुमच्या वडिलांचं २८ वरून १८-१९ झालं, म्हणजे डोळ्यापुरतं बोलायचं तर औषधाने काम चोख केलं आहे.

अडचण अशी की हेच ग्राही हृदयात आहेत आणि श्वासनलिकांतही आहेत. हृदयातले अडवले की ठोके मंदावतात. श्वासनलिकांतले अडवले की नळ्या आवळतात. टिमोलॉल या दोघांत भेद करत नाही.

पण थेंब तिथपर्यंत पोचतो कसा? बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलीटरचा असतो. पापणीच्या आतल्या खाचेत जेमतेम ३० मावतात, त्यातही अश्रू आधीच असतात. उरलेलं गालावर ओघळतं किंवा नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. थेंब घातल्यावर घशाशी कडवट चव येते ती यामुळेच. नाकाचं आतलं अस्तर औषध झटकन शोषून घेतं. गोळी पोटातून यकृतात जाते, तिथे तिचा बराचसा भाग रक्तात मिसळण्याआधीच मोडला जातो. नाकातून शोषलेलं औषध मात्र यकृताला वळसा घालून थेट रक्तात शिरतं. थेंबाचा मोठा हिस्सा, कधी कधी ऐंशी टक्क्यांपर्यंत, असा शरीरात जातो.

आकडा काढून बघू. ०.५ टक्के म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ५ मिलिग्रॅम. ४० मायक्रोलीटरच्या थेंबात ०.२ मिलिग्रॅम झाले. दोन डोळे, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ०.८. टिमोलॉलची गोळी रक्तदाबासाठी देत तेव्हा ती १० मिलिग्रॅम दोनदा अशी देत. त्या मानाने थेंबातलं औषध किरकोळच आहे आणि धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. बहुसंख्य लोक हे थेंब वर्षानुवर्षं काहीही त्रास न होता घालतात, हेही सांगायला हवं, नाहीतर हे वाचून शेजारचे काकाही आपली बाटली फेकून देतील. पण ज्याची फुप्फुसं आधीच अर्धी झाली आहेत, ज्याच्या हृदयाची विजेची वायरिंग जुनी झाली आहे, आणि ज्याच्या पोटात त्याच जातीची गोळी रोज जाते आहे, त्याला एवढंही पुरतं. शिवाय प्रत्यक्षात लोक एकच थेंब घालत नाहीत. ‘एखादा बाहेर पडला असेल’ म्हणून दोन-तीन घालतात. वडील नेमके किती घालतात ते एकदा शेजारी उभं राहून पाहा.

मेटोप्रोलॉल आणि टिमोलॉल एकाच, बीटा ब्लॉकर नावाच्या, घराण्यातली औषधं आहेत. वडील एक तोंडाने घेताहेत, दुसरं डोळ्यातून. हृदयाच्या डॉक्टरांना बहुधा थेंबांची कल्पना नाही आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीची. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधत बसू नका. माझ्या ओपीडीत ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘एक बीपीची, एक पिवळी, आणि एक लहान पांढरी, ती रात्रीची.’ आणि हीच माणसं फॅमिली डॉक्टरकडे गेली की डोळ्यांच्या औषधाचा उल्लेखच करत नाहीत, कारण थेंब म्हणजे औषध असं त्यांना वाटतच नाही. मी म्हणून टिमोलॉल लिहायच्या आधी दमा, विडी-सिगारेट आणि हृदयाचा आजार हे तिन्ही वेगवेगळे विचारतो आणि नाडी मोजायला लावतो. नाडी साठच्या खाली असेल तर हे औषध माझ्या यादीत खाली सरकतं. मोबाईलमध्ये सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून ठेवा, थेंबांच्या बाटलीसकट.

याचा आणखी एक पैलू आहे. जो माणूस आधीच पोटातून बीटा ब्लॉकर घेतो, त्याच्या डोळ्याचं प्रेशर त्या गोळीनेही थोडं उतरलेलं असतं, त्यामुळे थेंबांचा वाढीव फायदा सहसा कमी मिळतो आणि दुष्परिणाम मात्र एकावर एक चढतात. अशा रुग्णाला पहिलं औषध म्हणून मी तरी टिमोलॉल देत नाही. तुमच्या वडिलांचं प्रेशर छान उतरलं, ते काही जणांत उतरतं. पण त्याची किंमत नाडीने मोजावी लागत असेल तर तो सौदा नको.

‘पण त्यांना दमा नाही’ असं तुम्ही म्हणाल. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. ज्या वयस्क लोकांना आधी दम्याचा किंवा श्वासनलिका अरुंद होण्याचा आजार नव्हता, त्यांनाच काचबिंदूसाठी हे थेंब सुरू केल्यावर काय होतं, हे त्यात पाहिलं. वर्षभरात थेंब घेणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्क्यांना श्वासनलिकेच्या आजाराची औषधं नव्याने लागली, न घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्क्याच्या थोडं वर होतं. म्हणजे अंदाजे ५५ जणांमागे एकाला जास्तीचा त्रास. आकडा लहान वाटतो, पण हे ज्यांना आधी काही नव्हतं त्यांच्यातलं प्रमाण आहे. पंचवीस-तीस वर्षं विडी आणि सुताचे तंतू छातीत घेतलेल्या माणसाला फुप्फुसाचा आजार ‘नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची तपासणीच झालेली नसते. स्पायरोमेट्री करून घ्या. फुंकर मारायची साधी तपासणी आहे, छातीच्या डॉक्टरांकडे दहा-पंधरा मिनिटांत होते, आणि थेंब बदलल्यानंतरही तिचा उपयोग आहे.

एवढं असेल तर हे औषध देतातच कशाला, असा प्रश्न पडेल. त्याला इतिहास आहे. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल शोधलं, पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. ते हृदयाचं औषध. पण त्याने डोळ्याचं प्रेशरही उतरतं हे १९६७ च्या सुमारास लक्षात आलं. थेंब म्हणून मात्र ते चालेना, कारण त्याने डोळा बधिर व्हायचा. टिमोलॉलमध्ये तो दोष नव्हता आणि १९७८ मध्ये अमेरिकेत ते काचबिंदूसाठी मंजूर झालं. त्याआधी पिलोकार्पिन होतं, दिवसातून चारदा घालायचं, बाहुली बारीक व्हायची, संध्याकाळी दिसायचं नाही, कपाळ दुखायचं. किंवा ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या, हातापायांना मुंग्या आणि तोंडाची चव गेलेली. त्या जमान्यात दिवसातून दोनदा घालायचा, न झोंबणारा, नजर धूसर न करणारा थेंब मिळाला तेव्हा डॉक्टर आणि रुग्ण दोघंही हरखून गेले. दम्याच्या रुग्णांमध्ये गंभीर त्रास आणि मृत्यूच्या नोंदी यायला मग फार वर्षं लागली नाहीत. तरी औषध टिकलं, कारण योग्य माणसाला ते चांगलं आहे, स्वस्त आहे, कुठल्याही केमिस्टकडे मिळतं आणि फ्रिज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे.

दिवसातून दोनदा या डोसबद्दलही थोडं बोलायला हवं. डोळ्यातला तो द्रव रात्री झोपेत मुळातच जवळजवळ निम्म्याने कमी तयार होतो. नळ निसर्गानेच बारीक केलेला असतो, त्यामुळे टिमोलॉलला रात्री करण्यासारखं फार काही उरत नाही. रक्तदाब मात्र रात्री आधीच उतरलेला असतो, संध्याकाळचा थेंब तो आणखी उतरवू शकतो, आणि डोळ्याच्या नसेला रक्तपुरवठा कमी पडणं हे काचबिंदूत चांगलं नाही. ज्यांचं प्रेशर मुळात फार वाढलेलं नसतं तरी नस झिजते, त्यांच्यात तर हे जास्तच जपावं लागतं. म्हणून ज्यांना टिमोलॉल चालतं अशा अनेकांना मी ते फक्त सकाळी देतो, शक्य असेल तर ०.२५ टक्क्याचं. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत ‘दोनदाऐवजी एकदा घालून बघू’ हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. लक्षणं आहेत, गोळी आहे, विडी आहे. इथे औषधच बदलायला हवं.

थेंब घालायची रीत मात्र कुठलाही थेंब असो, शिकून घ्या. डोकं मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करायचा, एक थेंब, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा हलकेच मिटायचा, पिचपिच करायची नाही, कारण प्रत्येक उघडझाप औषध नाकाकडे ढकलते. नाकाच्या मुळाशी डोळ्याचा जो कोपरा आहे तिथे बोटाने हलका दाब देऊन दोन-तीन मिनिटं बसायचं. एवढ्या साध्या गोष्टीने शरीरात जाणारं औषध निम्म्याहून कमी होतं आणि डोळ्याला मात्र जास्त मिळतं. दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटांनी, लगेच घातला तर तो पहिल्याला धुऊन टाकतो. बाटली उघडल्याची तारीख पेनने लिहायची आणि महिन्याने टाकून द्यायची, आत चार थेंब उरले असले तरी. बहुतेक घरांत हे शेवटचं कुणी करत नाही. आमच्या लोकांचा औषध वाया घालवायला हात धजत नाही.

आता पर्याय. इथे मला तुमच्या वडिलांची फाईल दिसत नाही, म्हणून नेमकं नाव सांगणार नाही, दिशा सांगतो. पहिली पसंती बहुधा लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट या घराण्याला मिळेल. रोज रात्री एकच थेंब, प्रेशर टिमोलॉलपेक्षा किंचित जास्तच उतरतं, रात्रीही उतरलेलं राहतं, आणि हृदय-फुप्फुसांवर सहसा काही परिणाम नाही. हे औषध मोरी मोकळी करतं. डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांबतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, वर्षांनंतर डोळा थोडा खोल गेल्यासारखा दिसतो. डोळ्यात आधी सूज-दाह होऊन गेला असेल किंवा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर विचार करून देतात. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, मे महिन्यात दिवसभर वीज जाणाऱ्या गावात ही अडचण खरी आहे, पण आता साध्या तापमानाला टिकणाऱ्याही मिळतात. केमिस्टला तसं स्पष्ट विचारा.

ब्रिमोनिडिन हा दुसरा, त्याने वयस्क लोकांना झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि काही महिन्यांनी डोळ्यांना ॲलर्जी होणारे कमी नाहीत. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिंझोलामाइड हे तिसरे, झोंबतात, तोंड कडू होतं, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायची. बीटॅक्सोलॉल नावाचा बीटा ब्लॉकर मुख्यतः हृदयातले ग्राही अडवतो, फुप्फुसांना त्यामानाने सोडतो, म्हणून ‘दम्याला चालतो’ असं ऐकाल. थोडा बरा, पण पूर्ण निर्धोक नाही, आणि नाडीचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या वडिलांना तो नको.

लेझरबद्दलही विचारा. एसएलटी नावाचा लेझर मोरीच्या जाळीवर करतात, ओपीडीत होतो, भूल म्हणून फक्त थेंब. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या लाइट चाचणीचे निकाल आले, त्यात लेझरने सुरुवात केलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. परिणाम कायमचा नसतो, पुन्हा करावा लागू शकतो, आणि डोळ्याचा कोन, म्हणजे मोरीकडे जाणारी वाट, उघडा असेल तरच तो करता येतो. पण ज्याला आधीच गोळ्यांची पिशवी सांभाळायची आहे त्याच्यासाठी मला तो मनापासून पटतो. कोन उघडा आहे का, हे भिंग लावून पाहतात, गोनिओस्कोपी म्हणतात तिला. आपल्याकडे बंद कोनाचा काचबिंदू दुर्मीळ नाही आणि त्याचा उपचार वेगळा आहे, म्हणून ही तपासणी झाली आहे का ते फाईलमध्ये पाहा.

आणि एक सापळा. औषध बदललं तरी नव्या बाटलीवर घटक वाचा. बाजारातल्या कितीतरी काचबिंदूच्या थेंबांत दोन औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक बहुतेक वेळा टिमोलॉल असतं, मग ते ब्रिमोनिडिनबरोबर असो, डॉर्झोलामाइडबरोबर असो की लॅटानोप्रोस्ट-बायमॅटोप्रोस्टबरोबर. नाव वेगळं, खोका वेगळा, आत तेच. केमिस्टने ‘हेच औषध, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून दिलेल्या बाटलीतही हे होतं. बारीक अक्षरांत ‘टिमोलॉल’ दिसलं तर घेऊ नका, आधी विचारा.

थेंब थांबवल्यावर रोज सकाळी उठण्याआधी, अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहा. थेंबांमुळे असेल तर नाडी काही दिवसांत वर यायला लागते, एक-दोन आठवड्यांत धाप आणि थकवा कमी होतो. नाडी पन्नासवरून साठीत आली आणि जिना सोपा झाला, तर उत्तर मिळालं. त्या वेळी फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या की यांना कुठलाही बीटा ब्लॉकर थेंब चालत नाही. काहीच फरक पडला नाही, तर हृदयाच्या डॉक्टरांकडे इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी आणि गोळ्यांची फेरतपासणी, आणि छातीच्या डॉक्टरांकडे फुप्फुसांची. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल ही बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर हे आणखी तातडीचं, कारण या गोळ्या आणि बीटा ब्लॉकर मिळून हृदयाचे ठोके अडवू शकतात. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर तेही सांगा, या थेंबांमुळे शुगर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते, घाम मात्र येतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त ‘प्रेशर किती’ एवढंच विचारून परत येऊ नका. वडिलांची नस आज किती खराब आहे, फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) आणि ओसीटी (नसेचा स्कॅन) काय म्हणते, आणि त्यांच्यासाठी किती प्रेशर खाली ठेवायचं ठरवलं आहे, ते विचारा. प्रेशर जास्त पण नस पूर्ण ठीक, अशा लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती, २००२ मध्ये निकाल आले. औषध न घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे उपचाराने धोका निम्म्यावर येतो, पण उपचार न घेणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनाही पाच वर्षांत काही झालं नाही. ‘सुरुवात आहे’ याचा अर्थ वडिलांच्या नसेत खरंच झीज दिसली आहे की फक्त प्रेशर वाढलं आहे, यावर नवीन औषधाची घाई किती करायची ते ठरेल. झीज असेल तर प्रेशर २० टक्के उतरवून भागत नाही, आणखी खाली न्यावं लागतं. बुबुळाची (कॉर्नियाची) जाडीही मोजली आहे का ते पाहा. बुबुळ पातळ असेल तर मशीनवर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, जाड असेल तर जास्त.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. हो, तपासून घ्या, आणि तुमच्या भावंडांनाही सांगा. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि उघड्या कोनाचा काचबिंदू शेवटपर्यंत दुखत नाही की लाल होत नाही. चाळिशी ओलांडली असेल तर या वर्षीच. चष्म्याच्या दुकानात हवेचा झोत मारून मोजलेलं प्रेशर पुरेसं नाही, डॉक्टरांना बाहुली मोठी करून नस पाहायला सांगा. त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका, तीन-चार तास धूसर दिसतं.